अण्णा जेवून गेले

मंगळवार, १२ फेब्रुवारी २०३६. सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी पुण्यातल्या एका सर्व्हरवर एक नोंद लिहिली गेली : ‘अण्णा आले होते. रात्री जेवून गेले.’ ही नोंद चार सेकंदांत पुसली जायची होती. ती पुसली गेली नाही.

त्याच सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मिरजेत श्रीपाल मगदूम यांनी रोजच्यासारखा चहाचा पहिला घोट घेतला आणि कानामागच्या यंत्राला विचारलं, “काल कोण आलं होतं?”

यंत्रानं ती नोंद वाचून दाखवली.

श्रीपाल यांचे थोरले भाऊ नेमगोंडा मगदूम यांना घरात अण्णा म्हणतात. एकोणीस वर्षांत ते त्या घरी आलेले नव्हते.

*

‘स्मरणसाथ’ हे यंत्र वालाच्या दाण्याएवढं आहे. स्मृतिभ्रंशाच्या पहिल्या टप्प्यातल्या रुग्णाच्या कानामागे ते चिकटवतात. रुग्णाच्या आसपास दिवसभर जे बोललं जातं ते यंत्र ऐकतं, त्याची छोटी छोटी वाक्यं करतं आणि सर्व्हरकडे पाठवतं. रुग्णानं विचारलं की त्यातलं नेमकं वाक्य परत कानात सांगतं. औषध कोणतं घेतलं, दाराशी कोण होतं, मुलगी कुठं गेली, असल्या गोष्टी.

प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती असतात. पुण्यात एक सर्व्हर लिहून घेतो आणि लगेच दुसऱ्या दोघांना कळवतो. एखादा बंद पडला, तर माणसाचा कालचा दिवसच नाहीसा होईल, म्हणून ही व्यवस्था. तिघांमध्ये मतभेद झाला तर जे दोघं सारखं सांगतात त्यांचं धरलं जातं. नोंदी सुट्या नसतात. एका गोष्टीमुळे दुसरी घडली असं यंत्राला वाटलं, तर दुसरी नोंद पहिलीला टेकवून ठेवली जाते. पहिली पुसली, की टेकलेल्या सगळ्या पुसल्या जातात.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली ती नंतर. एकच वाक्य रोज कानावर पडत राहिलं, तर तीन-चार आठवड्यांनी दर तिघांतला एक रुग्ण यंत्राच्या आधीच ते वाक्य बोलतो. मेंदूचा शाबूत भाग ते स्वतःकडे उतरवून घेतो. उपचाराचं यश मोजतात ते यावरून. सर्व्हर सांभाळणारे लोक या उतरलेल्या आठवणीला चौथी प्रत म्हणतात. ती तपासता येत नाही आणि पुसताही येत नाही.

*

पहिल्या तीन प्रती तपासता येतात. ते काम तनुजा खरमाटे यांचं. वय तेहेतीस. यंत्र बनवणाऱ्या कंपनीत त्या सात वर्षं चाचणी विभागात आहेत.

प्रती जुळतात का हे पाहणारी त्यांची चाचणी पायथन या संगणकभाषेत लिहिलेली आहे, अठ्ठावीस ओळींची. पहिल्या सर्व्हरवर एका खोट्या रुग्णाच्या नावे एक वाक्य लिहायचं. दोन सेकंद थांबायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्व्हरला तेच वाक्य विचारायचं. दोघांनी अक्षरशः तेच सांगितलं तर चाचणी उत्तीर्ण. शेवटच्या ओळीत वाक्य पुसून टाकायचं. सर्व्हरवर कुठलाही बदल केला की ही चाचणी चालवतात.

खोट्या रुग्णाचा क्रमांक होता ९९९९९. चाचणी लिहिली तेव्हा यंत्र वापरणारे अकरा हजार होते. ३० जानेवारी २०३६ रोजी नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवाव्या माणसाची नोंदणी झाली. ते मिरजेचे श्रीपाल मगदूम. त्यानंतर तेरा दिवसांत चाचणी नऊ वेळा चालली आणि दर वेळी चार सेकंदांत मागचं पुसून मोकळी झाली. त्या चार सेकंदांत मगदूम यांनी यंत्राला काही विचारलं नाही.

१२ फेब्रुवारीला तिसरा सर्व्हर संथ होता. दोन सेकंदांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, असं वाक्य माझ्याकडे नाही. चाचणी तिथंच नापास होऊन थांबली. पुसण्याची ओळ शेवटची होती. तिथपर्यंत ती पोचलीच नाही. अकरा सेकंदांनी तिसऱ्या सर्व्हरकडे वाक्य पोचलं आणि तिन्ही प्रती जुळल्या.

पडद्यावर लाल ओळ दिसली. तनुजा यांनी चाचणी पुन्हा चालवली. हिरवी आली. त्या चहा प्यायला गेल्या.

वाक्यही त्यांचंच होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ‘अबक’ लिहिलं होतं, पण यंत्र अर्थहीन अक्षरं घेत नाही. वरिष्ठ म्हणाले, खरं वाटेल असं काहीतरी घाल. त्यांनी लहानपणी घरात सतत ऐकलेलं वाक्य घातलं. त्यांच्या शेजारी एक अण्णा राहत. दर दुसऱ्या घरात कोणीतरी अण्णा असतात, हे तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नाही.

*

मगदूम हे दक्षिणेकडच्या जैन कुटुंबातले. त्यांच्या घरात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत; कडक नेम असलेले पाणीही पीत नाहीत. श्रीपाल यांनी टेलिफोन खात्यात एकोणचाळीस वर्षं केबल जोडण्याचं काम केलं. पाळ्या असल्यामुळे त्यांचा नियम कधीमधी सुटला. नेमगोंडा यांचा कधीच सुटला नाही. वय एक्क्याऐंशी. लग्नाच्या वराती, रेल्वेचा प्रवास, एकदा हर्नियाचं ऑपरेशन, कशातही नाही.

दोघांचं बिनसलं ते आईच्या मरणावरून. २०१७ साली आई मिरजेत श्रीपाल यांच्याकडे होती. शेवटच्या रात्री साडेअकराला श्रीपाल यांनी तिला दोन चमचे पाणी पाजलं. पहाटे ती गेली. तेराव्या दिवशी नेमगोंडा सगळ्यांसमोर म्हणाले, “साठ वर्षांचा नेम होता तिचा. शेवटच्या रात्री तू मोडलास.” श्रीपाल यांनी उत्तर दिलं नाही. नेमगोंडा आपल्या गावी, दानोळीला गेले ते परत आले नाहीत.

म्हणून यंत्राचं वाक्य ऐकल्यावर श्रीपाल यांचा कप बशीत आपटला, असं त्यांची मुलगी त्रिशला सांगतात. त्या त्रेचाळीस वर्षांच्या आहेत, औषधाच्या दुकानात काम करतात आणि वडिलांबरोबर राहतात.

“त्रिशे, अण्णा रात्री जेवले?”

“कोण अण्णा?”

“माझे अण्णा. रात्री! दिवस मावळल्यावर! तूच वाढलं असशील की.”

“अप्पा, काल कोणी आलं नव्हतं. मी घरातच होते.”

“तुला दुकानाचं सोडून काय लक्षात राहतंय?” ते म्हणाले. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आपल्याला हे ऐकवतोय याचं त्रिशला यांना हसू आलं. हसू ओसरेपर्यंत वडिलांनी फोन लावलेला होता. एकोणीस वर्षं न लावलेला नंबर त्यांना पाठ होता.

तो फोन यंत्रानं ऐकला. नोंद अशी आहे :

‘८:२६. अप्पा अण्णांना म्हणाले : काल आलासा, जेवून गेलासा. माझ्यासाठी नेम मोडलासा, मला काय बोलायचं सुचलं न्हाई. आता बोलतो. आईला पाणी मी दिलं. पण तिनं मागितलं होतं, अण्णा. दोनदा मागितलं. तुमच्यापुढं तिचं नाव कशाला घ्यायचं म्हणून गप्प बसलो.’



‘८:२८. अण्णा म्हणाले : उद्या येतो.’

ते दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आले. पावणेसहाला जेवले. आपण सोमवारी आलोच नव्हतो, असं ते म्हणाले नाहीत. १७ तारखेला पुन्हा आले, २० ला पुन्हा. अण्णा कसे यायला लागले, असं श्रीपाल रोज सकाळी विचारत आणि यंत्र तेच वाक्य सांगे.

*

तक्रार त्रिशला यांनी पहिल्याच दिवशी नोंदवली होती : यंत्र न घडलेली गोष्ट सांगतंय. ती तनुजा यांच्याकडे पोचली १४ तारखेला. वाक्य वाचताच त्यांनी खुर्ची मागं सरकवली, असं शेजारी बसणाऱ्यांनी सांगितलं. त्या सरळ विभागप्रमुख इनामदार यांच्या खोलीत गेल्या.

“सर, हे वाक्य माझं आहे.”

इनामदारांनी वाचलं. “चाचणी उत्तीर्ण होती ना?”

“दुसऱ्यांदा चालवली तेव्हा होती. तिन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत.”

“मग?”

“मग काही नाही. तिन्ही खोट्या आहेत. आपण सारख्या आहेत का एवढंच विचारतो.”

नियम स्पष्ट होता. खोटी नोंद आढळल्यास तक्रारीपासून पंधरा दिवसांत तिन्ही सर्व्हरवरून काढायची आणि रुग्णाला समक्ष सांगायचं. मुदत २७ फेब्रुवारी. तनुजा यांनी त्या नोंदीला टेकलेल्या नोंदींची यादी काढली. एक्केचाळीस होत्या. पहिला फोन, अण्णांचं चारला येणं, दोघांनी मिळून जुना रेडिओ उघडणं, आईच्या हातच्या आमटीवरून झालेलं भांडण. या सगळ्या घडलेल्या होत्या. पहिली पुसली की त्याही जाणार होत्या. श्रीपाल यांच्यापुरता भाऊ पुन्हा एकोणीस वर्षं न आलेला होणार होता.

“सोडवता येतील का त्या? टेकू काढून?” इनामदारांनी विचारलं.

“येतील. पण मग अण्णा अचानक का आले, याचं उत्तर यंत्राकडे नसेल. ते रोज विचारतील आणि यंत्र म्हणेल, माहीत नाही.”

“नियमात आणखी काही?”

होतं. घरच्यांचा आणि रुग्णाचा वाद झाला तर काय, यासाठी केलेलं एक कलम. नोंदीत ज्याचं नाव आहे त्या व्यक्तीनं ‘ही घटना घडली’ असं लेखी दिलं, तर नोंद ठेवता येते.

“म्हणजे त्या अण्णांनी खोटं लिहून दिलं तर,” इनामदार म्हणाले. “तू मिरजेला जा. लेखी देण्याचा छापील अर्ज देऊ नकोस. फक्त कलम आहे एवढं सांग.”

*

२२ तारखेला, शुक्रवारी अकरा वाजता तनुजा मगदूम यांच्या घरी होत्या. श्रीपाल यांनी त्यांना कंपनीकडून आलेली तंत्रज्ञ म्हणून ओळखून घेतलं आणि लगेच कामाची चौकशी सुरू केली.

“तपासता म्हणजे काय करता?”

“एकीकडे लिहायचं आणि दुसरीकडे तसंच पोचलं का बघायचं.”

“मग आमचंच काम की! मी खड्ड्यात बसायचो, म्हमद्या मुलाणी दुसऱ्या टोकाला. जोडलं की ओरडायचं : एक, दोन, तीन, चार. तिकडनं त्यानं परत म्हणायचं. चार ऐकू आलं नाही की तार सुटली. तुम्ही काय म्हणता?”

तनुजा यांनी त्रिशलाकडे पाहिलं. “वाक्य म्हणतो.”

“वाक्य? कशाला? आकडे म्हणावेत, बाई. आकड्यांना भाऊबंद नसतात.”

“आता कळलं,” तनुजा म्हणाल्या.

काही वेळानं त्या म्हणाल्या, “काका, मला तुम्हाला एक सांगायचंय. नियमानं सांगावंच लागतं. अकरा तारखेच्या रात्रीची जी नोंद आहे...”

“थांबा.” श्रीपाल यांनी कानामागं हात नेला, यंत्र सोलून काढलं आणि टेबलावर पालथ्या वाटीखाली ठेवलं. “आता सांगा.”

तनुजा यांनी सांगितलं. चाचणी, क्रमांक, संथ सर्व्हर, शेवटची ओळ. श्रीपाल यांनी मध्ये तीन प्रश्न विचारले. तिन्ही नेमके होते. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “म्हणजे अण्णा आलेच नव्हते.”

“नाही.”

“आणि त्यांना हे ठाऊक आहे.”

“असणारच.”

“तरी आले दुसऱ्या दिवशी.”

“हो.”

त्रिशला यांना वाटलं ते रडतील. ते म्हणाले, “बाई, तुम्ही लिहून घ्या की मला सांगितलं. मला समजलं. सही देतो. दुपारपर्यंत माझ्याजवळ हे राहणार नाही. ते मला चालतंय.”

सही झाल्यावर त्यांनी वाटी उचलली आणि यंत्र परत लावलं. दुपारी दोन वाजता त्यांनी विचारलं, “सकाळी कोण आलं होतं?” यंत्र म्हणालं, “कंपनीच्या तनुजाबाई आल्या होत्या. आकड्यांविषयी बोलणं झालं.”

दारापर्यंत पोचवायला आलेल्या त्रिशलांना तनुजा यांनी कलम सांगितलं.

“अण्णाकाका खोटं लिहून देणार नाहीत,” त्रिशला म्हणाल्या. “तुम्ही माणूस बघितला नाही.”

“अर्ज माझ्याकडे आहे. द्यायचा नाही असं सरांनी सांगितलंय.”

“मग?”

“दानोळीची गाडी कुठून सुटते?”

*

नेमगोंडा मगदूम घरासमोरच्या कट्ट्यावर चिंच फोडत होते. त्यांनी आधी कापडातून गाळलेलं पाणी दिलं, मग नाव विचारलं. तनुजा यांनी सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. एकीकडे चिंचोके, एकीकडे गर.

“म्हणजे माझा नेम तुम्ही मोडला,” ते म्हणाले. “मला न विचारता.”

“हो. चुकून.”

“न जेवलेल्या जेवणाचं प्रायश्चित्त काय असतंय, हे मुनिमहाराजांना विचारायला पाहिजे. त्यांनाही अडेल.”

तनुजा हसल्या. ते हसले नाहीत.

“आपण आलो नव्हतो, हे तुम्ही त्यांना का सांगितलं नाही?” तनुजा यांनी विचारलं.

“त्यानं विचारलं नाही.” एक चिंच फुटली. “मी एक विचारू?”

“विचारा.”

“आईनं पाणी मागितलं, दोनदा मागितलं, असं तो फोनवर म्हणाला. ते तरी तुमच्याकडचं नाही ना?”

प्रश्न विचारताना पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली, असं तनुजा यांनी नंतर आपल्या अहवालात लिहिलं. अहवालात असं काही लिहायची गरज नसते.

“आमच्याकडे यंत्र लावल्याच्या आधीचं काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “ते आमचं नाही.”

“म्हणजे त्याची स्वतःची आठवण.”

“त्यांची. पण खरी आठवण, की आजारात तयार झालेली, हे मी सांगू शकत नाही. तिची एकच प्रत आहे. ताडून बघायला दुसरी नाही.”

“खोलीत तिसरं कोण नव्हतं,” नेमगोंडा म्हणाले. “आई, तो आणि देवाचा फोटो.” त्यांनी गर गोळा करून टोपलीत टाकला. “एकोणीस वर्षं मला वाटत होतं त्यानं मोडला. आता तो म्हणतोय, तिनं मोडला. दोन्हीपैकी मला कुठलं बरं वाटावं, सांगा बघू?”

तनुजा यांनी अर्ज कट्ट्यावर ठेवला, त्यावर एक चिंच ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. २७ तारखेची मुदत सांगितली. सही केली नाही तर काय काय पुसलं जाईल तेही सांगितलं.

“वाचता येतं मला,” नेमगोंडा म्हणाले. “तुम्ही निघा. साडेपाचची एसटी चुकली तर जयसिंगपूरला रखडाल. आणि जेवायला थांबा म्हणावं, तर तुम्ही लगेच लिहून ठेवाल.”

*

मंगळवार, २६ फेब्रुवारी. त्या दिवशी मिरजेत सूर्य सहा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास मावळला. त्यानंतरच्या नोंदी तिन्ही सर्व्हरवर सारख्या आहेत :

‘७:१२. अण्णा आले. अप्पा म्हणाले : इतक्या उशिरा? अण्णा म्हणाले : गाडी लेट होती.’

‘७:१९. अण्णा म्हणाले : त्रिशे, दोन पानं घे.’

‘७:२०. अप्पा म्हणाले : दिवस मावळलाय, अण्णा.’

‘७:२०. अण्णा म्हणाले : मला दिसतंय. कानातलं काढ ते.’

‘७:२१. यंत्र काढलं.’

‘७:५८. यंत्र लावलं. अप्पा म्हणाले : बडीशेप कुठं ठेवलीस?’

मधल्या सदतीस मिनिटांची नोंद नाही. त्या दिवशी दानोळीची एकही गाडी लेट नव्हती, असं डेपोतून समजलं.

दुसऱ्या दिवशी तनुजा यांनी त्रिशलांना फोन केला.

“काल ते जेवले का?”

“ताटं मीच वाढली आणि मीच उचलली.”

“जेवले का?”

“तुम्हाला नोंद करायची आहे ना? मग नाही सांगणार.” जरा थांबून त्रिशला म्हणाल्या, “रागावू नका. तुमच्यामुळं एवढं झालं. आता बाकीचं आमच्याकडं राहू द्या.”

*

अर्ज २८ तारखेला कुरिअरनं पुण्याला पोचला. पाकिटावरचा शिक्का २६ तारखेच्या सकाळचा आहे, म्हणून तो मुदतीत धरला गेला; म्हणजे मिरजेला निघण्याआधीच तो टाकलेला होता. ‘घटनेचे वर्णन’ या रकान्यात बोरूनं लिहावं तशा अक्षरात लिहिलं आहे : ‘मी श्रीपालकडे गेलो होतो. जेवून आलो.’ ‘रात्री’ हा शब्द नाही. तारखेचा रकाना कोरा आहे. खाली सही आहे. १३, १७ आणि २० तारखेला ते गेले होते आणि जेवले होते, त्यामुळे अर्जात खोटं असं काही नाही. ११ तारखेच्या नोंदीला तो लागू होतो का, हे कंपनीची समिती ठरवणार आहे. तोवर ती नोंद पुसलेली नाही, पण यंत्रानं ती बोलू नये अशी खूण तिच्यावर केली आहे. तनुजा खरमाटे यांच्याकडून खुलासा मागवला होता. तो दोन ओळींचा आहे. चूक माझी, आणि अर्ज मी दिला, एवढंच त्यात आहे.

चाचणी बदलली आहे. पुसण्याची ओळ आता अशा ठिकाणी आहे, की चाचणी कुठंही फसली तरी ती चालते. खोट्या रुग्णाच्या क्रमांकात आकड्यांऐवजी अक्षरं आहेत. वाक्य आहे : ‘एक, दोन, तीन, चार.’

समितीची बैठक बुधवारी, ५ मार्चला अकरा वाजता होती. कोरम न झाल्यानं ती पुढं ढकलली. नवी तारीख कळवलेली नाही.

त्याच सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी श्रीपाल मगदूम यांनी यंत्राला विचारलं, “काल कोण आलं होतं?”

४ मार्चला कोणी आलं नव्हतं. यंत्र म्हणालं, “काल कोणी आलं नव्हतं.”

“गप रे,” श्रीपाल म्हणाले. “अण्णा आले होते. रात्री जेवून गेले.”

हे त्यांना चौथ्या प्रतीतून आठवलं, हे उघड आहे. ११ फेब्रुवारीची न घडलेली रात्र त्यात उतरली होती, की २६ ची, हे समजायला मार्ग नाही. यंत्रानं त्यांचं बोलणं ऐकलं आणि नेहमीप्रमाणे लिहून घेतलं : ‘८:१०. अप्पा म्हणाले : अण्णा आले होते. रात्री जेवून गेले.’

दोन सेकंदांनी पाहिलं तेव्हा तिन्ही प्रती जुळत होत्या.